सुट्टीतला पाऊस : भूक आणि सवय

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आपल्याकडे आभाळ भरून आले, ऊन लपले आणि गार वारा सुटला, की माणूस सहज बोलून जातो, "काय छान वातावरण झालंय!" हेच आभाळ इंग्लंडमधल्या एखाद्या गृहस्थाला सुट्टीच्या पहिल्या दिवशी दिसले, तर तो हळहळेल. त्याच्या लेखी छान हवा म्हणजे निरभ्र आकाश आणि ऊन. दोन्हीकडच्या बालगीतांतही हा फरक उतरला आहे. आपले मूल पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावते. तिकडचे मूल त्याला परत जा, पुन्हा कधीतरी ये, असे सांगते. पाऊस तोच, ढगही तेच. मग एकाला जे हवेहवेसे वाटते ते दुसऱ्याला नकोसे का व्हावे?

हा रुचीचा प्रश्न आहे असे म्हणून तो सोडून देता येईल. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याला तेवढ्याने समाधान वाटू नये. आपण ज्या हवेत वाढतो, ती हवा आपल्या शरीरात, घरात, कपड्यांत आणि बोलण्यात शिरते. आणि आपण सुट्टीसाठी दुसरीकडे जातो तेव्हा ती सामानाबरोबर येते. प्रस्तुत लेखात मी या सोबत नेलेल्या हवेचा विचार करणार आहे.

प्रथम तापमान पाहू, कारण त्याची मोजमापे पुष्कळ झाली आहेत. डेन्मार्कचे पी. ओ. फँगर यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९७० साली निघाला. त्यांनी माणसांना बंद खोलीत, सारख्या कपड्यांत, स्वस्थ बसवून विचारले की तुम्हांला कोणते तापमान सुखाचे वाटते? उत्तरे इतकी सारखी आली, की माणूस कोणत्याही हवामानातला असो, त्याला लागणारे तापमान जवळजवळ एकच असते, असे त्यांनी मानले. पण त्याच दशकात इंग्लंडचे मायकेल हम्फ्रीज यांनी निरनिराळ्या देशांत लोकांच्या रोजच्या घरांत आणि कचेऱ्यांत झालेल्या पाहण्या एकत्र केल्या. त्यांना वेगळेच चित्र दिसले. ज्या प्रदेशात लोक जास्त उष्ण हवेत राहतात, तेथे त्यांना सुखाचे वाटणारे तापमानही चढते असते. पुढे अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ साली हा विचार आपल्या मानकात घेतला. त्यातील सूत्र सोपे आहे. बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणावे आणि १७.८ मिळवावे, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतीतल्या माणसाचे सुखाचे तापमान येते. बाहेर सरासरी १५ अंश असेल तर उत्तर साडेबावीसच्या आसपास येते, ३० अंश असेल तर सत्तावीसच्या आसपास. हैदराबादच्या सदनिकांत २००८ च्या उन्हाळ्यात माधवी इंद्रगंटी यांनी केलेल्या पाहणीत तर लोकांना सुमारे २९ अंश हे तापमान 'ठीक' वाटत होते.

फँगर यांचे प्रयोग चुकीचे होते, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी माणसाला त्याचे कपडे, त्याची खिडकी, त्याची पडवी आणि त्याची अपेक्षा बाहेर ठेवून आत बोलावले. मग आत जे उरले, ते सगळ्यांचे सारखेच निघाले. आपण सहलीला जातो तेव्हा मात्र नेमक्या याच गोष्टींची उलथापालथ होते. अपेक्षा बरोबर येते, पण घर मागे राहते. आणि शरीराला तर फुरसतच मिळत नाही. उष्ण हवेशी जुळवून घ्यायला माणसाच्या शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात; तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. आपल्याकडची सहल तीन दिवसांची असते. म्हणजे पाहुणा गावी परततो तोपर्यंत त्याचे शरीर अजून आपल्याच गावात असते.

पण सुट्टीतली हवा म्हणजे केवळ तापमान नव्हे. आपल्याकडे तर खरा प्रश्न पावसाचा आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रासारखी प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. रत्नागिरीपासून निघून पूर्वेकडे सोलापूरपर्यंत या. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला साधारण सहा हजार. तेथून घाट उतरून वाईला यावे, तर त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. सोलापूरला सातशे-साडेसातशे, आणि तोही येईलच असे नाही. शालेय पुस्तकातली पर्जन्यछायेची आकृती आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. त्या आकृतीत डोंगराच्या दोन बाजूंना राहणारी माणसे मात्र कुणी काढत नाही.

कोकणातल्या माणसाला पाऊस हे चार महिन्यांचे काम आहे. मे महिन्यात घर शाकारून घ्यायचे, पडवीला झापे लावायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, आगोटीची बेगमी करायची. मग पाऊस लागला की शेतात चिखलणी आणि लावणी, तीही डोक्यावर इरले घेऊन, वाकून, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. त्याच्याकडे झड आहे, संततधार आहे, सर आहे, भुरभुर आहे, आणि या सगळ्यांहून गोड शब्द आहे उघडीप. तो पावसाला घाबरत नाही, पण त्याला पाऊस बघायला जायचे म्हटले तर हसू येते. कामाच्या ठिकाणी कुणी सुट्टीला जाते का?

आमच्या बाजूला पाऊस ही गोष्टच निराळी. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. तेव्हा वाटलेल्या सुकडीची चव ती अजून सांगते. आजही घरात कुणी वैतागून "किती हा पाऊस" म्हणाले तर ती त्याला गप्प करते. "येणाऱ्याला नाही म्हणू नये," एवढेच तिचे म्हणणे. भिजलेली वाळवणे, गळणारे छप्पर, कुबट कपडे हे सगळे तिला चालते. अशा घरात वाढलेल्या मुलाला डोंगरावरचे धुके आणि धबधबा पाहून काय होत असेल, ते किनाऱ्यावरच्या मुलाला समजावणे कठीण आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या विभागाची अभ्याससहल महाबळेश्वरला गेली. पावसाळ्यात सहल न्यावी की नेहमीप्रमाणे डिसेंबरात, यावर वर्गात बरीच चर्चा झाली होती. शेवटी पर्जन्यछाया पाहायची तर पाऊस असतानाच पाहावी, हा सरांचा मुद्दा सर्वांना पटला. आमच्यापैकी बहुतेक जण सोलापूर, बार्शी, मंगळवेढ्याकडचे. एकजण मात्र सावंतवाडीजवळच्या खेड्यातला, शिकायला इकडे आलेला. पहिल्या दिवशी एस.टी. पसरणी घाट चढून पाचगणीच्या पुढे गेली आणि काचेपलीकडचे सगळे पांढरे झाले, तेव्हा मंगळवेढ्याचा माझा मित्र खिडकी उघडून तोंड बाहेर काढून ओरडत होता, "पडू दे लेका, पडू दे!" गाडीतून उतरल्यावर आम्ही छत्र्या मिटून ठेवल्या. दोन तास भिजलो. सावंतवाडीचा मित्र दुकानाच्या वळचणीला उभा राहून आमची गंमत पाहत होता. "ह्यो काय पाऊस?" एवढेच तो म्हणाला, आणि त्याने आपले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साध्या चपला पायात चढवल्या.

दुसऱ्या दिवशी उत्साह ओसरू लागला. कालचे कपडे वाळले नव्हते. महाबळेश्वरच्या जुलै-ऑगस्टचे वैशिष्ट्य असे, की दिवसाचे कमाल तापमान विशीच्या आसपास, म्हणजे डिसेंबरातल्या दिवसाहूनही खाली राहते आणि पहाटेही फारसे उतरत नाही. आकडा काही भयंकर नाही. पण ओल्या कपड्यातली गोष्ट वेगळी. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेते. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातले निम्मे जण पांघरुणाबाहेर यायला तयार नव्हते, दोघांना हुडहुडी भरली होती, आणि पॉइंटवर जाऊन दिसणार काय, असा सूर लागला होता. त्या दिवशी सरांबरोबर पर्जन्यमापकाची नोंद पाहायला जे चार-पाच जण गेले, त्यांत सावंतवाडीचा मित्र सर्वांत पुढे होता. त्याला आनंद झाला होता असे नाही. त्याला त्रास होत नव्हता, इतकेच.

तेव्हापासून मला वाटते, की 'सहन करणे' या एका शब्दाखाली आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी मोजतो. एक आहे भूक. ती घरी जे मिळत नाही त्यातून येते, पहिल्या दिवशी सर्वांत तीव्र असते आणि पोट भरले की संपते. दुसरी आहे सवय. ती घरी जे रोज मिळते त्यातून येते, तिच्यात कौतुक नसते, पण ती तिसऱ्या दिवशीही शाबूत असते. कोरड्या मुलखातला माणूस पावसाळी सहलीला भुकेने जातो. ओल्या मुलखातला गेलाच, तर सवयीवर निभावून नेतो.

शिवाय सवयही सरसकट नसते, ती विशिष्ट असते. याचे उत्तम उदाहरण महाबळेश्वरच्याच इतिहासात आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ साली, तेथे गिरिस्थान वसले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी हा मुलूख इंग्रजांना दिला आणि बदल्यात खंडाळा हे गाव घेतले. गव्हर्नर आणि त्यांचा लवाजमा उन्हाळ्यात तेथे राहू लागला. जुलैतले विशीच्या आसपासचे तापमान या मंडळींना मायदेशाची आठवण करून देणारे होते. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर ऐन जुलैत दुपारी साधारण तेवढेच असते. मग त्यांनी पावसाळा तेथेच आनंदाने काढायला हवा होता. पण नाही. पाऊस लागायच्या आत बंगल्यांच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधून मंडळी घाट उतरत आणि गव्हर्नर पावसाळ्यापुरता पुण्यात येई. गणेशखिंडीत ज्या वास्तूत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे मुख्य भवन आहे, ते त्याचे निवासस्थान. लंडनला सबंध वर्षात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वर जुलैमध्ये तेवढा आठ-दहा दिवसांत पाडते. म्हणजे गारव्याची सवय होती, रिमझिमीचीही होती, पण मुसळधारेची नव्हती. आजही महाबळेश्वरचा मुख्य 'सीझन' एप्रिल-मेचा समजला जातो. त्यात मुलांच्या सुट्टीचा वाटा आहेच. पण या गावाचे पंचांग मुळात दूरच्या एका बेटावरच्या लोकांच्या सवयीनुसार आखले गेले, हे विसरू नये.

ब्लॅकपूलचे नाव घेतलेच आहे, तर थोडे विषयांतर करतो. सोलापूर एके काळी गिरण्यांचे गाव होते, तशी लँकेशायरमध्ये अनेक गिरणीगावे होती. वर्षातून एकदा सगळी गिरणी बंद ठेवून तेथील कामगार आठवडाभर समुद्रावर जात. हवा गार, वारा बोचरा, पाऊस केव्हाही. या लोकांनी हवेची तक्रार करत घरी बसण्याऐवजी सुट्टीलाच छप्पर घातले. ब्लॅकपूलला १८७८ साली 'विंटर गार्डन्स' उघडले, १८९४ साली उंच मनोरा उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी सर्कस आली. पाऊस आला की आत, उघडला की बाहेर. सहनशक्तीतला मोठा हिस्सा कोरड्या जागेचा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता शास्त्रज्ञ सुट्टीची हवा कशी मोजतात ते पाहा. कॅनडातील झेड. मीचकोव्स्की यांनी १९८५ साली पर्यटनासाठी एक हवामान-निर्देशांक मांडला. शंभर गुणांपैकी दुपारच्या सुखाला ४०, दिवसरात्रीच्या सुखाला १०, पावसाला २०, सूर्यप्रकाशाला २० आणि वाऱ्याला १०. महिन्याचा पाऊस दीडशे मिलिमीटर झाला की पावसाच्या रकान्यात शून्य. या हिशेबाने लोणावळ्याचा जुलै नापास होतो, कारण तेथे त्या महिन्यात सहज हजाराच्या वर पाऊस पडतो. उलट सोलापूरच्या एप्रिलला पाऊस आणि ऊन या दोन्ही रकान्यांत जवळजवळ पूर्ण गुण मिळतात! आणि प्रत्यक्षात जुलैच्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये सोलापूरला हवा खायला कोण येते? निर्देशांकाची गणिते चुकली असे मला वाटत नाही. ते गुण उत्तरेकडच्या, उन्हाला भुकेलेल्या माणसाने दिलेले आहेत, इतकेच. पुढे काही संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडा, न्यूझीलंड आणि स्वीडन येथील विद्यार्थ्यांना आदर्श हवा कोणती असे विचारले. तेव्हा किनारा, शहर आणि डोंगर यांसाठी उत्तरे वेगवेगळी आली आणि देशादेशांतही फरक दिसला. त्यांनी सोलापूरच्या एखाद्या वसतिगृहात विचारले असते, तर पावसाचा रकाना बहुधा उलटाच भरावा लागला असता.

आम्ही एकटेच असे विचित्र आहोत, असेही नाही. अरबी समुद्राच्या पलीकडे ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांत आहे आणि त्यात सलाला हे शहर. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत त्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर ढकलतात, तळचे थंड पाणी वर येते, त्यावरून जाणाऱ्या दमट हवेचे धुके होते आणि ते डोंगरांना अडकते. पाऊस म्हणावा तर भुरभुर, आपल्या कोकणातला माणूस त्यासाठी छत्रीही उघडणार नाही. पण तापमान पंचविशीच्या आसपास उतरते आणि डोंगर हिरवे होतात. त्या वेळी आखाती देशांत पारा चाळिशीच्या पुष्कळ वर असतो. तेथून हजारो कुटुंबे मोटारी घेऊन येतात आणि भुरभुर पावसात सतरंज्या पसरून जेवतात. या हंगामाला ते 'खरीफ' म्हणतात. आमच्या शेतकऱ्याचा खरीप हाच शब्द, आणि मोसम हा शब्दही तिकडचाच. याच आखातातले लोक मुंबईचा पाऊस पाहायला येत असत, हे मुंबईकरांना आठवत असेल. ज्या दिवसांत मुंबईकर लोकलच्या रुळांवरील पाण्याकडे चिंतेने पाहत असे, त्याच दिवसांत हे पाहुणे समुद्राकाठी आनंदाने भिजत फिरत.

मात्र या भुकेला एक धोकादायक बाजू आहे आणि ती लिहिणे मला आवश्यक वाटते. भुकेबरोबर पावसाचे प्रेम येते, पण पावसाची माहिती येत नाही. वरच्या डोंगरात सर कोसळली की खालचा ओढा, स्वच्छ उघडीप असतानाही, पाहता पाहता फुगतो. शेवाळलेला कातळ पाय धरू देत नाही. कोकणातली आई आपल्या पोराला भरल्या वहाळाजवळ उभे राहू देत नाही, कारण तिला हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. २०२४ च्या जूनअखेर भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले, पाट्या लागल्या. पाट्या हव्यातच. परंतु पर्जन्यछायेतून येणाऱ्या आमच्यासारख्यांना 'सावधान' या शब्दापेक्षा पाणी किती वेळात किती चढते, हे सांगणारी पाटी अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. आमच्या गावचा ओढा वर्षातले दहा महिने वाट म्हणून वापरला जातो. पाण्याचा वेग आम्ही कोठे शिकणार?

आणखी एक फरक असा, की सुट्टीवरचा माणूस पाऊस सोसतो तो परतीच्या तिकिटाच्या भरवशावर. घाटात कणसे भाजणाऱ्या बाईला तो भरवसा नसतो. ती त्याच पावसात सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत, वर निळे प्लॅस्टिक बांधून बसते. तिच्या निखाऱ्यांभोवती आम्ही हात शेकत उभे होतो, तेव्हा तिला पाऊस आवडतो का असे कुणीतरी विचारले. तिने कणीस फिरवत सांगितले, की पाऊस शनिवार-रविवार पडावा आणि बाकीचे पाच दिवस थांबावा, म्हणजे सरपण तरी वाळेल. आठवड्याचे असे वाटप हवामानखात्याला जमणारे नाही, पण तिच्या उत्तरात गिऱ्हाइकांची भूक आणि तिची स्वतःची अडचण, दोन्हींचा हिशेब होता.

डोंगरावरच्या माणसांना हे सारे अनुभवाने ठाऊक असते. आम्ही ज्या लॉजवर उतरलो, त्याचे मालक खोली दाखवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारत, "कुठून आलात?" मला वाटले, नुसती चौकशी. पण ते त्यावरून पांघरुणे ठरवत. नाशिककडच्यांना एक रजई, मुंबईकरांना दोन. सोलापूरचे म्हटल्यावर त्यांनी आम्हांला दोन दोन दिल्या, स्वयंपाकघराजवळ कपडे वाळवायची दोरी दाखवली, आणि आणखी रजयांचा गठ्ठा जिन्याखाली ठेवला आहे, परवा मागायला याल, असे सांगून ठेवले.